अक्षरज्ञानापुढचे शिक्षण

हिंगण्याच्या माळावरील झोपडीतून उभ्या राहिलेल्या स्त्रीशिक्षणाच्या कार्याची कथा महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव पाठ्यपुस्तकांतून, रस्त्यांच्या फलकांवरून आणि एका विद्यापीठाच्या इतिहासातून मराठी मनावर कोरले गेले आहे. त्यांच्या थोरल्या चिरंजिवांच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. रघुनाथ धोंडो कर्वे हे नाव निघाले की संततिनियमन हा शब्द आठवतो, फार तर एका वादग्रस्त मासिकाची आठवण होते आणि विषय तेथेच संपतो. चित्रपट निघाला, नाटक आले, तेवढ्यापुरती चर्चाही झाली. तथापि बापलेकांची कार्ये एकमेकांशेजारी ठेवून पाहिली, तर मुलाने बापाचेच काम पुढच्या इयत्तेत नेले होते, असे दिसते. अण्णासाहेबांनी स्त्रीच्या हाती पुस्तक दिले. त्या पुस्तकात तिच्या स्वतःच्या शरीराविषयी काहीच नसावे, हे रघुनाथरावांना मान्य नव्हते.

रघुनाथरावांचा जन्म १८८२ सालचा. कोकणातील मुरुड हे कर्व्यांचे गाव. अण्णासाहेबांच्या प्रथम पत्नी राधाबाई या त्यांच्या मातोश्री. १८९१ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बाळंतपणात राधाबाईंचा अंत झाला, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. पुढे अण्णासाहेबांनी विधवेशी विवाह केला, त्यावर गदारोळ झाला, बहिष्कार पडला. हा सारा इतिहास वारंवार सांगितला जातो आणि त्यात राधाबाईंचा मृत्यू एका वाक्यात उरकतो. त्या काळी तो तसा उरकण्याजोगाच होता. बाळंतपणात बायका मरतात हे घरोघरचे दुःख होते, पण तो सामाजिक प्रश्न आहे असे कोणी मानीत नसे. पुढे अर्ध्या शतकानंतर, १९४६ साली, भोर समितीने आपला अहवाल दिला, तेव्हाही हिंदुस्थानात दर हजार प्रसूतींमागे सुमारे २० स्त्रिया मृत्युमुखी पडत होत्या आणि हा आकडा वर्षाकाठी दोन लाखांच्या घरात जात होता. आईच्या मृत्यूत मुलाच्या साऱ्या कार्याचे मूळ शोधण्याचा मोह चरित्रकाराला होतो. तो आवरलेला बरा. रघुनाथराव हे भावनेपेक्षा तर्काने चालणारे, गणित शिकलेले आणि गणित शिकविणारे गृहस्थ होते. एवढे मात्र खरे की, ज्या प्रश्नावर त्यांनी आयुष्य वेचले तो त्यांच्या घरात शिरून गेलेला होता.

बुद्धी तल्लख होती. मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले, फर्गसन महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि गणिताचे प्राध्यापक म्हणून सरकारी सेवेत शिरले. १९१९ साली ते गणिताच्या उच्च अभ्यासासाठी पॅरिसला गेले. फ्रेंच भाषेवर त्यांनी प्रभुत्व मिळविले आणि गणिताबरोबरच कामशास्त्र, शरीरशास्त्र, समाजशास्त्र या विषयांवरील युरोपीय ग्रंथांचे वाचन केले. येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. पाश्चात्त्य देश या बाबतीत सर्वस्वी मोकळे होते आणि तेथून कर्व्यांनी हे विचार आयते उचलून आणले, असा एक समज आहे. वस्तुतः महायुद्धातील मनुष्यहानीने धास्तावलेल्या फ्रान्सने १९२० साली कायदा करून गर्भप्रतिबंधाच्या प्रचारावरच बंदी घातली. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ साली उघडलेले केंद्र पोलिसांनी थोड्याच दिवसांत बंद पाडले होते. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले ते १९२१ च्या मार्चमध्ये. मुंबईत कर्व्यांनी आपले संततिनियमन केंद्र काढले तेही त्याच १९२१ साली. जगात जे काम नुकते कोठे कोठे डोके वर काढीत होते, ते मुंबईच्या एका प्राध्यापकाने कोणत्याही सरकारी वा संस्थात्मक आधाराविना आरंभिले होते.

केंद्र म्हणजे काही मोठे रुग्णालय नव्हते. सल्ला देणे, साधनांची माहिती देणे, ती उपलब्ध करून देणे, एवढाच त्याचा व्याप. पत्नी मालतीबाई यांचे या सर्व कार्यात पाठबळ होते. आपल्याला मूल नको हा निर्णय दोघांनी घेतला आणि तो पाळला. जो उपदेश करावा तो आधी स्वतःच्या घरात अमलात आणावा, ही कर्वे घराण्याची जुनीच रीत होती. १९२३ साली त्यांचे ‘संततिनियमन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा याविषयीही त्यांनी मराठीत लिहिले. या दुसऱ्या विषयाची स्त्रियांच्या आरोग्याच्या दृष्टीने थोरवी अजूनही नीटशी ओळखली गेलेली नाही. बाहेरून रोग आणणारा नवरा आणि काय झाले हे न कळताच तो भोगणारी बायको, आंधळे जन्मलेले किंवा जन्मतःच मेलेले मूल, पुढे येणारे वांझपण आणि त्यासाठी तिच्याच कपाळी लागणारा दोष, ही साखळी मध्यमवर्गीय घरांतही अपरिचित नव्हती. तिचे नाव घेणे मात्र असभ्यपणाचे मानले जाई. रोगाचे नाव घ्यायचे नाही आणि रोग्याला दूषण द्यायचे, असा हा शिष्टाचार होता.

त्या काळातील मुलीचे आयुष्य डोळ्यांपुढे आणले म्हणजे कर्व्यांच्या खटाटोपाचा अर्थ कळतो. पाळी आली की ती कोपऱ्यात बसे. का बसे, हे तिला कोणी सांगत नसे. लग्न म्हणजे काय याची कल्पना तिला लग्नानंतरच यायची, आणि तीही धसक्याने. १९२८-२९ साली सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील संमतिवय समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या. कोवळ्या वयातील मातृत्वाने मुलींच्या शरीराचे काय होते, याचा तिने गोळा केलेला पुरावा आजही वाचवत नाही. शारदा कायद्याने १९३० पासून मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरले, तेही कागदावर. कायद्याने वय ठरवता येते, पण चौदा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या देहाची ओळख कायदा करून देऊ शकत नाही. ती ओळख कोणी करून द्यायची? आईला ती नव्हती. शिक्षिका संकोचत होती. डॉक्टर औषध देई, माहिती देत नसे. अण्णासाहेबांच्या महिला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात गृहजीवनशास्त्र आणि आरोग्यशास्त्र यांना स्थान होते, आणि १९१६ साली हे फार पुढचे पाऊल होते. पण त्या आरोग्यशास्त्राची मजल स्वच्छता, आहार आणि शुश्रूषा यांपुढे जाणे शक्य नव्हते. संस्थेला लोकवर्गणीवर आणि समाजाच्या सदिच्छेवर जगायचे होते. रघुनाथरावांना संस्था चालवायची नव्हती. त्यामुळे जे बोलणे वडिलांना परवडले नसते, ते त्यांना बोलता आले.

त्याची किंमत लौकरच मोजावी लागली. विल्सन महाविद्यालयात ते गणित शिकवीत होते. प्राध्यापकाने अशा विषयाचा जाहीर प्रचार करावा हे चालकांना रुचले नाही, आणि प्रचार सोडावा किंवा नोकरी, असा पेच उभा राहिला. १९२५ साली कर्व्यांनी नोकरी सोडली. त्यांचे वय तेव्हा त्रेचाळीस होते. पुन्हा कायमची प्राध्यापकी त्यांच्या वाट्याला आली नाही आणि पुढील आयुष्य आर्थिक ओढगस्तीत गेले.

१५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. पुढे २६ वर्षे, मृत्यूपर्यंत, ते त्यांनी जवळजवळ एकट्याने चालविले. लेखन त्यांचे, संपादन त्यांचे आणि तोटाही त्यांचाच. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात एका माणसाच्या हट्टावर एवढी वर्षे जगलेली मासिके फारशी नाहीत. लैंगिक आरोग्य, गर्भधारणेची क्रिया, प्रतिबंधाची साधने, आहार, विवाहसंस्था, बुद्धिवाद असे नाना विषय त्यात येत. ‘शारदेची पत्रे’ या सदरात स्त्रीच्या नावाने आणि स्त्रीच्या भूमिकेतून तेच लिहीत. स्त्रीला आपल्या वेदनेची भाषा सापडत नव्हती, म्हणून एका पुरुषाने ती उसनी तयार करून दिली, असे या सदराबद्दल म्हणता येईल. उसनी भाषा ती उसनीच. पण मुळात काहीच नव्हते तेथे तिचाही उपयोग झाला.

भाषेचा हा मुद्दा वाटतो त्याहून मोठा आहे. शरीराच्या या भागांसाठी मराठीत दोनच कोठारे होती. एक शिव्यांचे, दुसरे वैद्यकाच्या संस्कृत पोथ्यांचे. पहिल्यातला शब्द सभ्य माणसाला उच्चारता येत नव्हता आणि दुसऱ्यातला सामान्य माणसाला समजत नव्हता. सुशिक्षित लोक इंग्रजीचा आडोसा घेत. कर्व्यांनी शास्त्रीय शब्द घेतले, पण ते हात किंवा पाय म्हणावे तितक्या निर्विकारपणे वापरले. वाक्ये लहान, अलंकार जवळजवळ नाहीत, सूचकतेचा लवलेश नाही. गणिताच्या प्राध्यापकाने प्रमेय मांडावे तसे ते गर्भधारणेविषयी लिहीत. विषयाला चिकटलेली लाज केवळ गद्याच्या कोरडेपणाने धुऊन काढण्याचा हा प्रयत्न होता. आज शाळेत पाळीविषयी बोलण्यास उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेला शब्दांची जी अडचण येते, तिच्यावर हा उपाय नव्वद वर्षांपूर्वी मराठीत करून पाहिला गेला होता, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली जात, आणि याच सदराने कर्व्यांना न्यायालयात नेले. तत्पूर्वी १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील एका लेखाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला होता आणि शंभर रुपये दंड बसला होता. उच्च न्यायालयातील अपीलही फेटाळले गेले. १९३४ च्या फेब्रुवारीत त्यांना पुन्हा अटक झाली. या वेळी आक्षेप होता तो हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारलेल्या शंकांना दिलेल्या उत्तरांवर. बचावाला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांमुळे तेव्हा ते देशाच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी होते. दलितांच्या लढ्याच्या ऐन धामधुमीत, ज्यातून लौकिकाऐवजी बदनामीच मिळण्याचा संभव अधिक, असे वकीलपत्र त्यांनी घेतले. लैंगिक विषयावरील लेखन तेवढ्यानेच अश्लील ठरत नाही. वाचकाने प्रश्न विचारला असेल तर त्याला उत्तर मिळाले पाहिजे. अज्ञान आणि विकृत समजुती यांवर ज्ञान हाच उपाय आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचाही त्यांनी आधार घेतला. खटला ते हरले. दंड दोनशे रुपये झाला.

बाबासाहेबांचा या विषयातील रस वकिलीपुरता नव्हता. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात संततिनियमनाची साधने लोकांना उपलब्ध करून देण्याविषयी सरकारने पावले उचलावीत, असा अशासकीय ठराव त्यांच्या पक्षाकडून पी. जे. रोहम यांनी मांडला. त्याच्या बाजूने ११ मते पडली, विरुद्ध ५२. या ठरावाची मांडणी बाळंतपणाने खचणाऱ्या आणि दारिद्र्याने पिचलेल्या स्त्रीच्या बाजूने होती. त्या आधी, १९३५ च्या डिसेंबरात, सँगर यांनी वर्ध्यास येऊन गांधीजींची भेट घेतली होती. गांधीजींनी स्त्रीचे दुःख मान्य केले, पण उपाय म्हणून संयमाचा मार्ग दाखविला. त्यांच्या उद्देशाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र ज्या घरात नकार देण्याचा अधिकारच स्त्रीला नव्हता, तेथे संयमाचा उपदेश तिच्या काय कामाचा, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नव्हते. ब्रह्मचर्याच्या या तत्त्वावर कर्व्यांनी आयुष्यभर सडेतोड टीका केली. कामसुखावर पुरुषाइतकाच स्त्रीचाही अधिकार आहे, हे त्यांचे प्रतिपादन तर सुधारकांनाही पेलवणारे नव्हते. संततिनियमनाला मान देणारी मंडळीही येथे त्यांच्यापासून अंतर राखून उभी राहत.

कर्व्यांची बाजू मांडताना त्यांच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. मासिकाच्या मुखपृष्ठावर ते नग्न स्त्रीचे चित्र छापीत. मानवी शरीरात लाजण्यासारखे काही नाही, हा त्यामागील विचार तर्काला धरून होता. पण ज्या घरात मुलीने कादंबरी वाचली तरी चौकशी होई, त्या घरात असा अंक ती उशीखाली तरी कशी ठेवणार? ज्यांच्यापर्यंत पोचायचे त्यांच्याच वाटेत मुखपृष्ठ आडवे आले. प्रश्न विचारणाऱ्या वाचकांत पुरुषांचीच बहुसंख्या होती, ही गोष्ट बोलकी आहे. त्यांचे लेखन कधी कधी खवचट होई. विरोधकाला पटविण्यापेक्षा त्याला निरुत्तर करण्यात त्यांना अधिक समाधान वाटत असावे. सुप्रजननाच्या त्या काळी जगभर पसरलेल्या कल्पनांचा त्यांच्यावरही प्रभाव होता. कोणी जन्माला यावे आणि कोणी येऊ नये हे ठरविण्याची ती भाषा आज खटकते, आणि ती खटकलीच पाहिजे.

सर्वांत मोठी अडचण अर्थातच त्यांच्या हाती नव्हती. १९३१ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानातील स्त्रियांत साक्षरांचे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होते. छापील शब्द उरलेल्या सत्त्याण्णव जणींच्या दारापर्यंत जाऊ शकत नव्हता. तेथे जाऊ शकत होती ती सुईण, परिचारिका, शेजारची जाणती बाई. रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने मध्यमवर्गीय व विधवा स्त्रियांना परिचारिकेच्या व्यवसायात आणले, तेव्हा हा दुसरा मार्ग महाराष्ट्रात तयार होऊ लागला होता. कर्व्यांचे ज्ञान आणि सेवासदनाची माणसे यांची गाठ पडली असती, तर काय झाले असते? पण ती पडण्याजोगी नव्हती. सेवासदनाला प्रतिष्ठा हवी होती, कारण प्रतिष्ठेवाचून कोणी आपली मुलगी परिचारिका होऊ देत नव्हते. कर्व्यांच्या नावाने ती प्रतिष्ठा क्षणात गेली असती. दोघांचेही बरोबर होते, आणि म्हणून स्त्रियांच्या आरोग्यशिक्षणाचे काम दोन तुकड्यांत राहिले. एकीकडे सांगण्याचे धैर्य होते पण घरात प्रवेश नव्हता. दुसरीकडे प्रवेश होता, पण सांगण्याची मोकळीक नव्हती. पुढच्या काळात गावोगाव फिरणाऱ्या परिचारिकेच्या आणि आशा कार्यकर्तीच्या पिशवीत गोळ्या, साधने आणि नोंदवह्या आल्या. शरीराविषयी चार शब्द मोकळेपणाने बोलण्याची सोय त्या पिशवीत किती आली, हे त्या स्त्रियांनाच विचारले पाहिजे.

स्वतंत्र भारताने १९५२ साली सरकारी कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. कर्व्यांचा विजय झाला असे तेव्हा वाटणे साहजिक होते, आणि आजही तसे लिहिले जाते. पण सरकारला चिंता होती लोकसंख्येच्या आकड्याची. लक्ष्ये ठरली, शिबिरे भरली, शस्त्रक्रियांची मोजदाद झाली. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. समजून घेणारी स्त्री ही कर्व्यांच्या केंद्राची सुरुवात होती. शिबिरांच्या गणितात तिचे समजणे वा न समजणे गौण ठरले. पुढे २००७ साली शाळांतून किशोरवयीनांना लैंगिक आरोग्याचे शिक्षण देण्याचा कार्यक्रम आला, तेव्हा आपल्या संस्कृतीला तो मानवणारा नाही या कारणास्तव महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो रोखला. विरोधाची भाषा १९३४ च्या फिर्यादीहून फारशी निराळी नव्हती. २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि पाळी, पोषण, प्रजनन आरोग्य हे शब्द सरकारी कागदांवर आले. वर्गात मात्र तो धडा मुलींनी घरी वाचावा असे सांगून पान उलटणाऱ्या शिक्षकांची संख्या कमी झाली आहे, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

अखेरच्या वर्षांतही रघुनाथरावांचा क्रम बदलला नाही. अंक वेळेवर निघत होता, वर्गणीदार थोडे होते, कर्ज होते, आणि पत्रांना उत्तरे जात होती. सन्मान, सत्कार, थैल्या यांपैकी काही त्यांच्याकडे फिरकले नाही. त्याची त्यांनी तक्रार केल्याचेही ऐकिवात नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांच्याबरोबर ‘समाजस्वास्थ्य’ही थांबले. अण्णासाहेब तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते. पाच वर्षांनी, त्यांच्या शतकपूर्तीच्या वर्षी, राष्ट्राने त्यांना भारतरत्न दिले.